प्रॉप वाचवायचा असेल तर आधी अंगठा तयार करा

रिमोटचं विमान उडवायला शिकत होतो, त्या पहिल्या काही महिन्यांत तुटलेले सगळे प्रोपेलर, म्हणजे प्रॉप, मी एका खोक्यात साठवत गेलो. एके दिवशी ते टेबलावर मांडले आणि प्रत्येक प्रॉप कसा तुटला ते आठवून कागदावर लिहून काढलं. हवेत तुटलेला त्यात एकही नव्हता. जवळजवळ सगळे जमिनीपासून हातभर अंतरात, मोटर चालू असताना तुटले होते.

त्या दिवसापासून माझं शिकणं बदललं. विमान पडूच नये इतका हात बसायला बरेच महिने लागतात. पडणाऱ्या विमानाची मोटर बंद करणं मात्र आठवड्याभरात शिकता येतं, आणि प्रॉप वाचतो तो त्यानेच. खाली जे सांगतोय त्यातलं बहुतेक सगळं या एका गोष्टीकडे येतं: प्रॉप जमिनीला लागेल त्या क्षणी तो फिरत असता कामा नये.

हे सगळं इलेक्ट्रिक मोटरच्या साध्या ट्रेनर, म्हणजे शिकण्यासाठीच्या, विमानाला धरून लिहिलं आहे. ट्रान्समीटर (हातातला रिमोट) मोड २ चा आहे, म्हणजे थ्रॉटल, मोटरचा जोर कमी-जास्त करणारं नियंत्रण, डाव्या स्टिकवर आहे असं गृहीत धरलंय. तुमचा मोड १ असेल तर जिथे डावा अंगठा म्हटलंय तिथे उजवा समजा.

तुटलेला प्रॉप आधी वाचा

तुटलेला प्रॉप लगेच फेकू नका. दोन्ही पाती तुटली असतील, टोकं झिजलेली किंवा सोललेली असतील, तर तो फिरत असताना आपटला. एकच पातं तुटलं असेल आणि दुसरं कोरं असेल, तर बहुधा प्रॉप थांबलेला होता, पण एक पातं खाली तोंड करून उभं होतं आणि विमानाचं वजन त्याच्यावर आलं. पात्याच्या पुढच्या कडेला नुसतेच बारीक खाचे पडले असतील, तर तुम्ही खडीवरून किंवा वाळूवरून विमान पळवताय. मधल्या भोकापासून चीर निघाली असेल, तर बहुतेक वेळा दोष बसवण्यात असतो: नट जास्त आवळलेला, किंवा भोक वेडंवाकडं मोठं केलेलं.

पहिल्या प्रकाराला उपाय अंगठ्याचा, दुसऱ्याला लँडिंगचा, तिसऱ्याला जागेचा आणि चौथ्याला पान्याचा. माझ्या खोक्यात पहिल्या प्रकारचे इतके होते की बाकीच्यांची चर्चा तेव्हा करण्यात अर्थच नव्हता.

विमान निवडताना मोटर कुठे आहे ते पाहा

अजून विमान घेतलं नसेल तर निम्मं काम इथेच होतं. नाकावर प्रॉप असलेलं विमान पडलं की सगळ्यांत आधी प्रॉपच जमिनीला लागतो. मोटर पंखाच्या वर, मागच्या बाजूला असलेल्या विमानात, ज्याला पुशर म्हणतात त्यात, नाक आणि पोट मार खातं आणि प्रॉप वरच राहतो. मल्टिप्लेक्स कंपनीचं ईझीस्टार हे अशा रचनेचं सगळ्यांना माहीत असलेलं फोमचं ट्रेनर. बिक्सलर त्याच वळणाचं. फोमचं नाक चेपलं तर चिकटवता येतं आणि त्याच संध्याकाळी विमान परत उडतं. नवशिक्याने पहिलं विमान असंच घ्यावं, हे माझं ठाम मत आहे. लढाऊ विमानाची हुबेहूब प्रतिकृती कितीही देखणी असली तरी ती तिसरं-चौथं विमान म्हणून घ्या.

नाकावर प्रॉप असलेलं विमान आधीच घरात आलं असेल तरी हरकत नाही. त्यासाठी प्रॉप-सेव्हर आणि घडीचा प्रॉप असे दोन उपाय आहेत, ते पुढे येतात.

प्रॉपवरचे आकडे आणि तो बसवण्याची रीत

प्रॉपवर १०×४.५ किंवा ८×६ असं काहीतरी छापलेलं असतं. पहिला आकडा व्यास, दुसरा पिच, दोन्ही इंचांत. पिच म्हणजे एका फेऱ्यात प्रॉप हिशेबाने जितकं पुढे सरकेल ते अंतर. काही प्रॉपवर हेच दोन आकडे जोडून १०४५ असे छापलेले असतात. बघून गोंधळू नका.

बदली प्रॉप त्याच आकड्यांचा आणि त्याच प्रकारचा घ्या. एखादा इंच मोठा चालेल असं वाटतं, पण ते महागात पडतं. त्याच गतीने फिरवायचा तर प्रॉपला लागणारी शक्ती व्यासाच्या पाचव्या घाताने वाढते. ९ इंचाच्या जागी तशाच घडणीचा १० इंचाचा प्रॉप लावला तर हिशेब सुमारे ६९ टक्के जास्त निघतो. प्रत्यक्षात मोटर थोडी मंदावते, त्यामुळे वाढ तेवढी होत नाही. तरीही मोटर आणि ईएससी (मोटरचा वेग नियंत्रित करणारं सर्किट) तापायला ती पुरेशी असते. शिवाय मोठा प्रॉप जमिनीच्या अर्धा इंच जवळ येतो. चाकांवर उभं असलेलं विमान शेपटी उचलून आडवं धरलं की प्रॉपच्या टोकाखाली किमान दोन बोटं तरी अंतर राहायला हवं. गवतावरून उडवणार असाल तर याहून जास्त.

प्रकारांमध्येही फरक आहे. स्लो-फ्लाय प्रॉप पातळ आणि लवचीक असतात, हळू फिरण्यासाठी बनवलेले. एपीसी कंपनी आपल्या स्लो-फ्लाय प्रॉपसाठी मर्यादा अशी देते: ६५,००० भागिले व्यास इंचांत. म्हणजे १० इंचाला मिनिटाला ६,५०० फेरे. वेगवान मोटरवर असा प्रॉप लावला तर तो हवेतच फाटू शकतो. जास्त फेऱ्यांसाठी त्याच कंपनीचे इलेक्ट्रिक प्रकारचे, जास्त ताठ प्रॉप असतात. लाकडी प्रॉप ताठ आणि हलके, पण आपटले की तुटणारच. साधं नायलॉन वाकतं, सहन करतं. मात्र थंड आणि कोरड्या हवेत ते ठिसूळ होतं, कारण नायलॉनचा चिवटपणा त्यात मुरलेल्या ओलाव्यावर बराच अवलंबून असतो. जुने हौशी लोक नवे नायलॉनचे प्रॉप उडवण्याआधी पाण्यात उकळून घेत, ते याचसाठी.

आता बसवणं. अक्षरं आणि आकडे छापलेली बाजू विमान ज्या दिशेने जातं त्या दिशेला हवी. पुशरमध्येही तसंच: आकडे विमानाच्या नाकाकडे. उलटा बसवलेला प्रॉपही थोडा जोर देतो, म्हणूनच चूक लक्षात येत नाही. विमान जेमतेम उचलतं, सुटतं आणि पाच-दहा मीटरवर नाकावर येतं. दोष मग तुमच्या हाताला लावला जातो. मी एकदा पूर्ण सकाळ यात घालवली आहे.

भोक लहान पडलं तर ड्रिल चालवू नका. भोक मध्यापासून सरकतं आणि प्रॉप थरथरतो. रीमर नावाचं निमुळतं हत्यार मिळतं, ते हाताने फिरवत दोन्ही बाजूंनी थोडं थोडं मोठं करा. भोक मोठं असेल तर प्रॉपसोबत येणाऱ्या प्लास्टिकच्या कड्यांतली बरोबर बसणारी कडी घाला. नट पान्याने घट्ट करा, पण प्लास्टिक दबून पांढरं पडेल इतका नाही. लाकडी प्रॉपचा नट पहिल्या उड्डाणानंतर पुन्हा तपासा. लाकूड दबलं की नट सैल पडतो.

तोल एकदा पाहून घ्या. प्रॉप बॅलन्सरवर अडकवल्यावर एखादं पातं सतत खाली जात असेल तर ते जड आहे. हलक्या पात्याच्या मागच्या बाजूला टेपचा छोटा तुकडा चिकटवा किंवा जड पातं बारीक पॉलिश पेपरने घासा. बेतोल प्रॉपच्या थरथरीने मोटरचे स्क्रू सैल होतात, आणि सैल मोटरचा प्रॉप कुठेतरी घासून तुटतो.

प्रॉप-सेव्हर आणि घडीचा प्रॉप

प्रॉप-सेव्हर ही साधी युक्ती आहे. मोटरच्या दांड्यावर दोन स्क्रू बाहेर आलेली एक पितळी किंवा ॲल्युमिनियमची बाही बसते. प्रॉप तिच्यावर ठेवायचा आणि रबराची कडी एका स्क्रूवरून प्रॉपवरून दुसऱ्या स्क्रूवर ओढून लावायची. नाक जमिनीला लागलं की कडी ताणते, प्रॉप कलंडतो, आणि बहुतेक वेळा साबूत राहतो. कमी वजनाच्या, हळू उडणाऱ्या विमानासाठी नवशिक्याला याहून उपयोगी वस्तू नाही.

पण रबर उन्हाने सुकतं. रोज उडवण्याआधी कडी बोटाने ताणून पाहा. बारीक भेगा दिसल्या की बदला. हवेत कडी तुटली तर प्रॉप उडून जातो आणि विमान मोटरशिवाय खाली येतं. कडीऐवजी कपड्यांची किंवा कागदांची रबरबँड गुंडाळू नका. ताण सारखा बसत नाही आणि प्रॉप तिरका फिरतो. जोरदार मोटरवर प्रॉप-सेव्हर मुळीच वापरू नका.

घडीच्या प्रॉपची पाती बिजागरीवर असतात. मोटर थांबली की वाऱ्याच्या दाबाने ती मागे मिटतात आणि नाकाला चिकटून राहतात. चाकं नसलेल्या, पोटावर उतरणाऱ्या विमानाला हे फार चांगलं. एकच अट: ईएससीमध्ये ब्रेकची सोय चालू करावी लागते, नाहीतर प्रॉप वाऱ्याने गरगरत राहतो आणि पाती मिटतच नाहीत. साध्या, न मिटणाऱ्या प्रॉपला मी ब्रेक बंद ठेवतो. मग उतरताना पातं गवताला लागलं तर प्रॉप सहज फिरून बाजूला होतो.

अंगठा तयार करा, प्रॉप न लावता

या पायरीला सगळ्यांत जास्त वेळ द्या.

नवशिक्याच्या हाताचं काय होतं ते मी अनेकांच्या शेजारी उभा राहून पाहिलंय. विमान खाली यायला लागलं की दोन्ही हात आवळतात. उजवा अंगठा एलिव्हेटरची, म्हणजे नाक वर-खाली करणारी, स्टिक पोटाशी ओढतो, कारण विमान वर जावं ही इच्छा असते. डावा अंगठा जिथे आहे तिथेच गोठतो. थ्रॉटलच्या स्टिकला स्प्रिंग नसते, ती आपोआप शून्यावर येत नाही. अर्ध्यावर असेल तर अर्ध्यावरच राहते. विमान आपटतं, प्रॉप जमिनीत रुततो आणि मोटर तरीही जोर लावत राहते. इथे नुकसान प्रॉपपुरतं थांबत नाही. अडकलेली मोटर प्रचंड प्रवाह ओढते आणि काही सेकंदांत ईएससीमधून धूर निघतो. लोक विमानाकडे धावत जातात आणि ट्रान्समीटरवर थ्रॉटल तसाच असतो, असं मी एकापेक्षा जास्त वेळा पाहिलं आहे.

उपाय सरावाचा आहे आणि घरीच करायचा आहे. प्रॉप काढून ठेवा. ट्रान्समीटर चालू करा, मग विमानाची बॅटरी जोडा. थ्रॉटल अर्ध्यावर न्या, मोटर फिरू द्या. आता घरातल्या कुणालातरी मागे उभं राहून, तुम्हाला अपेक्षा नसताना, "कट!" म्हणायला सांगा. शब्द कानावर पडताच डावा अंगठा तळाला. उजव्या अंगठ्याने त्याच वेळी पंख समांतर ठेवण्याच्या हालचाली चालू ठेवा, म्हणजे दोन्ही हात वेगळे वागायला शिकतात. बिनप्रॉपची मोटर फार जोरात पळते, तेव्हा अर्ध्यापुढे नेऊ नका आणि एका वेळी मिनिटभरच करा. दिवसातून दोनदा, आठवडाभर पुरे.

दुसरा सराव सिम्युलेटरवर. संगणकावर विमान पाडायला काही लागत नाही, म्हणून तिथे लोक बेफिकीर उडवतात आणि वाईट सवय लावून घेतात. तुम्ही नियम करा: विमान पडलं आणि पडायच्या आधी थ्रॉटल शून्य झाला नाही, तर ते उड्डाण वाया गेलं असं धरायचं आणि पुन्हा सुरुवात करायची. कसरती राहू द्या. उड्डाण, चार वळणं, उतरणं, एवढंच शंभर वेळा.

तोंडाने "कट" म्हणण्याची सवय मैदानातही ठेवा. मी अजून म्हणतो. शब्द उच्चारला की अंगठा त्याच्यामागे जातो.

ट्रान्समीटरमध्ये थ्रॉटल-कटची, म्हणजे मोटर पूर्ण बंद ठेवणारी, कळ लावता येत असेल तर जरूर लावा. विमान उचलताना, बॅटरी जोडताना तीच सुरक्षा आहे. हवेत मात्र स्टिकवरच भर द्या, घाबरलेल्या बोटाला कळ सापडत नाही. आणि फेलसेफ, म्हणजे सिग्नल तुटला की मोटर बंद करणारी सोय, तपासा: प्रॉप काढून, मोटर थोडी चालू ठेवून ट्रान्समीटर बंद करा. मोटर थांबली पाहिजे. थांबली नाही तर उडवायला जाऊ नका, आधी ती जोडणी दुरुस्त करा.

प्रॉप लावून काम करण्याआधी एक हिशेब पाहून ठेवा. १० इंचाचा प्रॉप मिनिटाला ८,००० फेरे घेतो तेव्हा त्याचं टोक ताशी सुमारे ३८० किलोमीटर वेगाने फिरत असतं. बॅटरी जोडली की प्रॉपच्या रेषेत कुणीही उभं राहायचं नाही, ना समोर ना बाजूला. विमान मागून धरायचं. बोटांना दुसरा सेट मिळत नाही.

जागा आणि हवा

जागा मोकळी, सपाट, माणसांपासून लांब हवी आणि विमान उडवण्याविषयीचे तुमच्याकडचे नियम पाळणारी हवी. प्रॉपच्या दृष्टीने सगळ्यांत चांगलं म्हणजे घोट्याच्या वर येणारं मऊ गवत आणि हातातून सोडून पोटावर उतरणारं विमान. कडक माती, मुरूम, डांबर यांच्यावर छोटी चूकही प्रॉप घेते. गवतात बंद मोटरचं विमान नुसतं झोपतं.

वारा पडलेला असतो अशी वेळ निवडा, म्हणजे पहाट किंवा सूर्य मावळण्याआधीचा तास. झाडाची पानं सतत हलत असतील तर पहिल्या दहा-पंधरा उड्डाणांपर्यंत घरी परत जा. हे पाळणं कठीण असतं, कारण आठवडाभर वाट पाहिलेली असते.

सुटताना

चाकांवरून पळणाऱ्या विमानाचा प्रॉप उडण्याआधीच तुटतो, तो नाक टेकल्यामुळे. मागे छोटं शेपटीचं चाक असलेली विमानं यात आघाडीवर. गवतात चाक अडतं आणि विमान पुढे कलंडतं. जमिनीवर सरकताना एलिव्हेटर पूर्ण वर धरून ठेवा, म्हणजे शेपटी दाबलेली राहते. थ्रॉटल एकदम न देता तीन-चार सेकंद घेऊन वाढवा आणि वेग आला की एलिव्हेटर हळूहळू सोडा. तरीही कलंडत असेल तर चाकांची तार थोडी पुढे वाकवा आणि मोठी चाकं लावा. थ्रॉटल वाढवताना विमान डावीकडे ओढलं जाईल. थोडा उजवा रडर (शेपटीचं उभं सुकाणू) लागतो. कलंडायला लागल्याचं दिसलं की? डावा अंगठा. नाक टेकायला लागणाऱ्या अर्ध्या सेकंदात प्रॉपचा वेग निम्म्याने उतरला तरी पुष्कळदा तो वाचतो.

हातातून सोडताना विमान वाऱ्याच्या तोंडाला, समांतर, खांद्याच्या उंचीवरून भाल्यासारखं सरळ ढकला. वर फेकू नका. वर फेकलेलं विमान वेग गमावतं, एका पंखावर कलतं आणि मोटर पूर्ण जोरात असताना तुमच्या पायाशी येतं. सुरुवातीला ढकलायला दुसरा माणूस घ्या, म्हणजे तुमचे दोन्ही अंगठे स्टिकवर राहतील. ज्या पुशरमध्ये प्रॉप हाताच्या मागे येतो, तिथे आधी विमान सोडायचं, ते हातापासून सुटलं की मगच थ्रॉटल.

हवेत

याबद्दल थोडक्यात, कारण उडवणं शिकवणं हा वेगळा विषय आहे. गुरुत्वमध्य विमानाच्या पुस्तिकेत सांगितलेल्या जागी किंवा किंचित पुढे असू द्या. शेपटी जड असलेलं विमान नवशिक्याच्या हातात टिकत नाही. उंची भरपूर ठेवा, इतकी की एक चूक झाली, ती सुधारताना दुसरी झाली, तरी तिसरीला जागा उरेल. वळणात नाक खाली जातं, तेव्हा थोडा एलिव्हेटर द्या. पण हळू वेगात, कमी उंचीवर ओढून वळू नका. पंख हवेची पकड सोडतो आणि विमान एका बाजूला कोसळतं. त्याला स्टॉल म्हणतात.

विमान तुमच्याकडे येत असताना डावं-उजवं उलटं वाटतं. जो पंख खाली झुकलेला दिसतो, त्याच बाजूला स्टिक न्या, जणू त्या पंखाखाली टेकू लावताय. विमान कुठल्या दिशेला आहे तेच कळेनासं झालं आणि उंची असेल, तर थ्रॉटल कमी करा आणि उजवी स्टिक सोडा. चांगलं ट्रेनर स्वतःच सरळ होतं. उंची नसेल तर थेट "कट".

वेळ मोजा. पहिली उड्डाणं चार मिनिटांची ठेवा, उतरल्यावर बॅटरी तपासा आणि मग वेळ वाढवा. लिपो बॅटरीचा प्रत्येक सेल उतरल्यानंतर ३.७ ते ३.८ व्होल्टच्या आसपास राहिला पाहिजे. त्याखाली बरंच गेल्यावर ईएससी स्वतःच मोटर बंद करतो, आणि ते नेहमी नको त्या जागी होतं.

उतरताना

उतरण्याचा सराव जमिनीवर करू नका, उंचीवर करा. तीस-चाळीस मीटरवर वाऱ्याच्या तोंडाला या, थ्रॉटल शून्य करा आणि विमान मोटरशिवाय कसं तरंगतं ते बघा. किती अंतर जातं, कुठल्या वेगाला हलायला लागतं, एलिव्हेटर किती लागतो. दहा-बारा वेळा केलं की मोटर बंद विमानाची भीती जाते. माझा अनुभव असा की नवशिके थ्रॉटल बंद करत नाहीत ते विसरतात म्हणून नाही; मोटर बंद केली तर विमान दगडासारखं पडेल असं त्यांना मनातून वाटतं. हलकं फोमचं ट्रेनर शांत हवेत दोन मीटर उंचीवरून पंधरा मीटर तरी पुढे जातं. हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहा.

मग खरं लँडिंग. वाऱ्याच्या तोंडाला, लांबून, सरळ रेषेत या. उंची थ्रॉटलने सांभाळा, वेग एलिव्हेटरने. विमान मैदानाच्या कडेच्या आत आलं आणि तुमच्या डोक्याच्या उंचीखाली उतरलं की डावा अंगठा तळाला, आणि तो तिथून हलवायचा नाही. आता पंख समांतर ठेवणं एवढंच काम. गुडघ्याच्या उंचीवर एलिव्हेटर किंचित, अगदी किंचित ओढा, म्हणजे नाक थोडं वर येईल आणि विमान पोटावर किंवा मागच्या चाकांवर टेकेल.

सगळ्यांत जास्त प्रॉप कुठे जातात सांगतो. विमान थोडं आखूड पडतंय असं वाटतं आणि शेवटच्या क्षणी माणूस थ्रॉटल देतो. वेग गेलेला, नाक वर, जमीन जवळ. मोटरच्या झटक्याने विमान डावीकडे कलतं, पंखाचं टोक टेकतं आणि पूर्ण जोरात फिरणारा प्रॉप मातीत जातो. म्हणून एक मर्यादा ठरवा. दोन पुरुष उंचीच्या वर असताना पसंत पडलं नाही तर खुशाल थ्रॉटल द्या, सरळ पुढे जा, वर चढा, फेरी मारून परत या. त्याखाली आल्यावर निर्णय बदलायचा नाही. आखूड पडलं तर पडू द्या. गवतातून चालत जाऊन आणायचं आहे, एवढंच.

विमान थांबलं की लगेच थ्रॉटल-कट, मग उचलणं, मग बॅटरी काढणं, आणि ट्रान्समीटर सर्वांत शेवटी बंद.

ज्यांचं विमान इंजिनवर चालतं त्यांनी प्रॉप असा बसवावा की हाताने फिरवताना सिलिंडरचा दाब लागायला लागतो तेव्हा पाती साधारण आडवी असतील. हवेत इंजिन बंद पडलं तर प्रॉप बहुधा त्याच जागी थांबतो, आणि पोटावर उतरताना पातं खाली लोंबत नाही.

आपटल्यानंतर

पडलंच, तर क्रम ठरलेला. थ्रॉटल शून्यावर आहे ना ते ट्रान्समीटरवर डोळ्यांनी पाहा. विमानाजवळ गेल्यावर बॅटरी काढा, फोटो नंतर.

मग प्रॉप तपासा. प्रत्येक पातं बोटांनी हलकेच पुढे-मागे वाकवा आणि मुळाशी पांढरी रेघ उमटते का ते उजेडात बघा. रेघ दिसली, केसाएवढी चीर दिसली, टोक कापलं गेलं असेल, तर तो प्रॉप संपला. चिकटवायचा नाही, टेप लावायची नाही, दुसऱ्या बाजूने तेवढंच कापून समान करायचं नाही. चिकटवलेलं पातं फेऱ्यांच्या ओढीने सुटतं आणि ते कुणाच्या डोळ्याच्या दिशेने जाईल ते सांगता येत नाही. असा प्रॉप तिथेच दोन तुकडे करून पिशवीत टाका, म्हणजे घाईत चुकून परत लागणार नाही.

प्रॉपला काही झालं नसलं तरी मोटरचा दांडा हाताने फिरवून पाहा. प्रॉपचं एक टोक एखाद्या काडीसमोर धरून अर्धा फेरा द्या. दुसरं टोक त्याच अंतरावरून गेलं पाहिजे. नाही गेलं तर दांडा वाकलाय. मोटर बसवलेली फळी सैल झालीय का तेही बघा. वाकलेल्या दांड्यावर नवे प्रॉप लावत राहणं म्हणजे थरथर विकत घेणं.

मैदानात जाताना खोक्यात त्याच मापाचे तीन प्रॉप, प्रॉप-सेव्हरच्या चार-पाच कड्या, नटाला बसणारा पाना, रीमर आणि छोटा स्क्रूड्रायव्हर ठेवा. एका दिवशी तिन्ही गेले तर त्या दिवशी उडवणं थांबवा, चौथा मागून घेऊ नका. हात थकलेला असतो आणि चूक तीच परत होते.

नवा प्रॉप लावल्यावर विमान मागून घट्ट धरा, थ्रॉटल हळूहळू अर्ध्यापर्यंत न्या आणि बोटांना थरथर जाणवते का ते पाहा. सगळं गुळगुळीत असेल तर उडवा. पण लगेच उतरायला जाऊ नका. उंचीवर तीनदा मोटर बंद करून तरंगत जा, तीनदा "कट" म्हणा, आणि मग या खाली.